न घातलेलं पाणी

जुलै उजाडला की पुण्यातल्या ऑफिसांमधून ताईंना येणारे फोन जवळपास एकसारखे असतात. "ते तुमचं काळं झाड पिवळं पडायला लागलंय. पाणी कमी पडतंय का? थोडं वाढवू का आम्ही?" ताईंचं उत्तरही ठरलेलं असतं. पाणी वाढवू नका, कुंडी हलवू नका, उद्या येऊन बघते.

दुसऱ्या दिवशी त्या जातात, फायबरच्या चकचकीत बाहेरच्या कुंडीतून आतली प्लॅस्टिकची कुंडी उचलून बाजूला ठेवतात आणि बाहेरची कुंडी बादलीवर तिरकी करतात. तळाशी साचलेलं पाणी ओघळतं. त्याला शिळा, आंबूस वास असतो. वरची माती मात्र हाताला कोरडी लागते, म्हणूनच कुणीतरी रोज संध्याकाळी बाटलीतलं उरलेलं पाणी तिथं ओतलेलं असतं. ताई त्या माणसाला शोधत बसत नाहीत. झाड तहानलेलं दिसलं म्हणून कुणाचा जीव कळवळला, यात रागावण्यासारखं काय आहे, असं त्या म्हणतात. त्यांचं काम त्यानंतर सुरू होतं.

ऑफिसांना कुंड्या भाड्याने देणाऱ्या एका छोट्या व्यवसायात ताई देखभालीची बाजू सांभाळतात. हिंजवडी, बाणेर, खराडी या भागांतल्या काचेच्या इमारती हे त्यांचं शेत. अरेका पाम, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा, पीस लिली, सान्सेवेरिया, रबर प्लांट अशी नेहमीची मंडळी त्यांच्या हाताखालून गेली आहेत. भाड्याच्या करारात झाड मेलं तर ते बदलून देण्याची जबाबदारी कुंडी पुरवणाऱ्याची असते, त्यामुळे प्रत्येक वाळलेली कुंडी थेट खिशाला लागते. या सगळ्या झाडांमध्ये ताईंनी सर्वाधिक विचार ज्या झाडाचा केला, ते म्हणजे झीझी. त्यातही गडद, जवळजवळ काळ्या पानांचा त्याचा प्रकार. विकणारे सांगतात, हे झाड मरत नाही. ताई सांगतात, मरतं; पण सावकाश मरतं, आणि बहुतेक वेळा जास्तीच्या मायेने मरतं.

या सावकाशीमुळेच ते झाड अवघड आहे. पीस लिलीला पाणी कमी पडलं की ती दुपारपर्यंत मान टाकते, पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. तिचं दुखणं ताबडतोब कळतं आणि उपायही ताबडतोब लागू पडतो. झीझीच्या मुळाशी सडायला सुरुवात झाली तरी वरची पानं कितीतरी दिवस तकतकीत राहतात, कारण त्यांच्यात साठवलेलं पाणी असतं. दुष्काळात झाडाला तारणारी तीच साठवण त्याचं आजारपण झाकून ठेवते. पान पिवळं दिसेपर्यंत जमिनीखाली बरंच काही घडून गेलेलं असतं.

झीझीचं मूळ घर पूर्व आफ्रिका. केनियाच्या दक्षिणेपासून टांझानिया, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे असं उतरत दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंत ते रानात उगवतं; विरळ सावलीत, गवताळ आणि खडकाळ जमिनीत. तिथं पावसाचे महिने आणि कोरडे महिने स्पष्ट वेगळे असतात. लंडनजवळच्या हॅकनीतल्या लॉडिजेस यांच्या प्रसिद्ध नर्सरीने १८२९मध्ये या वनस्पतीचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं, तेव्हा तिला कॅलेडियममध्ये घातलं होतं. आज वापरात असलेलं झॅमिओकल्कस झॅमिइफोलिया हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अडोल्फ एंग्लर यांनी १९०५मध्ये रूढ केलं. या प्रजातीत ही एकच जात आहे. पुढं कितीतरी दशकं ती वनस्पतिउद्यानांतच राहिली. १९९६च्या सुमारास नेदरलँड्समधल्या नर्सऱ्यांनी तिची मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू केली आणि मग ती जगभरच्या विमानतळांवर, हॉटेलांत, बँकांत दिसू लागली. काळ्या पानांचा प्रकार त्यानंतरचा. दक्षिण कोरियातल्या एका संवर्धकाला तो मिळाला, 'डोवॉन' या नावाने त्याची नोंद झाली आणि बाजारात तो 'रेवन' म्हणून आला. पुण्यातल्या नर्सरीत मात्र कुणी तसं म्हणत नाही. तिथं तो 'ब्लॅक झीझी'.

कूळ पाहिलं तर हे झाड आपल्या ओळखीच्या घरातलं निघतं. अळू, सुरण, मनी प्लांट ही सगळी त्याची भावंडं. ताई नवीन मुलांना शिकवताना इथूनच सुरुवात करतात. सुरणाचा कंद जमिनीत कसा गप्प बसून राहतो आणि वळवाचा पाऊस झाला की कसा कोंब काढतो, हे गावाकडून आलेल्या मुलांनी पाहिलेलं असतं. झीझीची गोष्ट त्याच्या जवळची आहे. मातीवर जे उभे, जाड दांडे दिसतात त्यांना सगळे फांद्या समजतात. खरं तर तो प्रत्येक दांडा म्हणजे एक संपूर्ण पान आहे आणि दोन्ही बाजूंची तकतकीत 'पानं' म्हणजे त्या पानाच्या पर्णिका. खोड आहे ते मातीखाली, आडवं, बटाट्याएवढ्या गोळ्यांचं. पर्णिकांच्या आणि दांड्याच्या वजनातला ९० टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. म्हणजे एका हातभर उंचीच्या झीझीने आपल्या अंगात एक छोटी टाकीच बांधलेली असते. फार दिवस पाणी मिळालं नाही तर ती आधी पर्णिका गाळते, दांडे राखते. तेही गेले तर कंद राखते.

पाणी वाचवण्याची तिची आणखी एक तऱ्हा आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी त्या रंध्रांतून पाणीही गमावतात. निवडुंगासारख्या काही वनस्पती हे काम रात्री करतात, हवा थंड असताना. हा वायू त्या आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रं मिटून त्यावर अन्न बनवतात. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात झीझीही हे करते असं दिसून आलं. त्यातला तपशील फार बोलका आहे. पाणी नीट मिळत असताना रात्री घेतलेल्या वायूचा वाटा दिवसभरातल्या एकूण कमाईच्या एक टक्क्याहूनही कमी होता. दहा दिवस पाणी तोडल्यावर तो १९ टक्क्यांवर गेला. पुन्हा पाणी दिल्यावर झाड आपल्या जुन्या वहिवाटीवर परतलं. थोडक्यात, टंचाई आली की ही वनस्पती आपला दिनक्रम बदलते.

ताईंनी हे संशोधन वाचण्याच्या कितीतरी आधी त्याचं फळ डोळ्यांनी पाहिलं होतं.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऑफिसं एका रात्रीत बंद झाली. लोक लॅपटॉप उचलून घरी गेले, कुंड्या जिथल्या तिथं राहिल्या. एसी बंद, पडदे खाली, दारांना कुलपं. एप्रिल-मेचा पुण्यातला उन्हाळा त्या बंद काचांच्या आत कसा असेल, या विचाराने ताईंना झोप लागत नसे. आत जायची परवानगी मिळाली तेव्हा बाहेर पाऊस सुरू झाला होता. मास्क लावून, सुरक्षारक्षकाच्या वहीत तापमान लिहून घेऊन त्या एकेक मजला चढत गेल्या. अरेका पाम तांबूस, कोरडे पडले होते. हात लावला की पात्या तुटून येत. नेचे चुरा झाले होते. पीस लिलीच्या जागी सुकलेल्या पानांचा थर होता. सान्सेवेरिया थोडा सुरकुतलेला, पण जिवंत. आणि जिन्याजवळच्या कोपऱ्यात झीझीचे दांडे उभे होते. खाली पर्णिकांचा सडा पडलेला, काही दांडे पार उघडे, पण बोटांनी दाबले तर घट्ट.

सोबतच्या मुलाने झारी भरून आणली. ताईंनी त्याला थांबवलं. कोकोपीट इतकं वाळलं की ते पाणी धरतच नाही. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निसटून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. त्यांनी टब मागवला, त्यात थोडं पाणी घेतलं आणि कुंड्या त्यात ठेवल्या, म्हणजे तळाच्या भोकांतून माती हळूहळू ओल ओढून घेईल. तासाभराने कुंड्या बाहेर काढून त्यांनी त्या विटांवर निथळत ठेवल्या. मग पडदे उघडले. नंतर त्यांनी काहीही केलं नाही. या 'काहीही न करण्या'तच सगळ्यात जास्त निश्चय लागला, असं त्या सांगतात, कारण त्या दिवसांत सगळ्यांनाच हाताने काहीतरी भरून काढावंसं वाटत होतं. काही आठवड्यांनी मातीतून टोकदार कोंब वर आले. मेलेल्या म्हणून लिहून टाकलेल्या कुंड्यांपैकी झीझीच्या बहुतेक कुंड्या यादीत परत घ्याव्या लागल्या.

ताईंचं बालपण पुरंदर तालुक्याच्या कोरडवाहू भागात गेलं. तिथं पाण्याचा हिशेब आणि जमिनीचा हिशेब वेगळे नसतात. पाऊस पडला म्हणून कुणी लगेच औत घालत नाही. वाफसा येण्याची वाट बघतात. त्यांचे वडील ओंजळीत माती घेऊन तिचा लाडू वळत आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडत. तो चिकटून राहिला तर अजून थांबायचं, मोकळा फुटला तर कामाला लागायचं. मातीत ओल हवी आणि हवाही हवी, मुळांना दोन्ही लागतं, हे त्यांना कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नाही. कुंडीत माती मुठीने काढून लाडू वळता येत नाही, पण तपासायचं तेच आहे.

म्हणून ताईंच्या पिशवीत कात्रीच्या जोडीला बांबूच्या बारीक काड्या असतात. काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत घालायची, थोडा वेळ तशीच ठेवायची आणि बाहेर काढून बघायची. काडीवर ओली, काळपट माती चिकटून आली तर पाणी नाही. टोकाला गार लागलं तरी पाणी नाही. काडी स्वच्छ, कोरडी आली की मग कुंडी उचलून बघायची. हाताला वजनाची सवय लागली की काडीचीही गरज उरत नाही. कोरड्या कुंडीचा हलकेपणा मनगटाला कळतो. पाणी द्यायचं तेव्हा मात्र भरपूर, खालच्या भोकांतून वाहीपर्यंत. आणि ते पूर्ण निथळल्याशिवाय कुंडी बाहेरच्या आवरणात परत ठेवायची नाही. एसी ऑफिसात, बेताच्या उजेडात, अशी पाळी दोन-तीन आठवड्यांनी येते. पावसाळ्यात ती त्याहून लांबते, कारण हवेतच दमटपणा असतो आणि माती वाळत नाही. जुलैत येणारे फोन याच कारणाने येतात. उन्हाळ्यातलं वेळापत्रक कुणीतरी पावसाळ्यातही चालू ठेवलेलं असतं.

वेळापत्रकावरून एकदा चांगलीच ओढाताण झाली. एका कंपनीच्या करारात प्रत्येक कुंडीला आठवड्यातून दोनदा पाणी घालायचं असं छापलेलं होतं आणि त्यासमोर सही करायचा तक्ता होता. ताई झीझीच्या रकान्यात सही करीनात. व्यवस्था बघणाऱ्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, महिन्याचे पैसे घेता, मग पाणी का घालत नाही?" प्रश्न रास्त होता. पैसे कामाचे असतात आणि न घातलेलं पाणी तक्त्यात दिसत नाही. ताईंनी त्यांना कुंडीपाशी नेलं, काडी त्यांच्याच हातात दिली आणि घालायला सांगितली. बाहेर आलेली काडी ओली होती. "साहेब, आठवड्यातून दोनदा मी येणार, प्रत्येक कुंडी बघणार. पाणी कुणाला द्यायचं ते कुंडी सांगेल." पुढच्या महिन्यापासून तक्त्यात पाण्याच्या रकान्याशेजारी 'तपासलं' असा आणखी एक रकाना आला. आता सही तिथं होते. हा रकाना मिळवणं ही ताईंना आपल्या कामातली मोठी कमाई वाटते, आणि ती आहेही. देखभालीच्या कामात बघणं हेच मुख्य काम असतं, पण मजुरी मोजताना हातांची हालचाल मोजली जाते. बागकामाच्या धंद्यात किती झाडं केवळ सही करायची म्हणून बुडवली जातात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या एका रकान्याची किंमत समजेल.

मातीचंही असंच. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियमहून आणि इतर ठिकाणांहून ट्रक भरून रोपं पुण्याच्या बाजारात येतात. कधी त्यांच्या मुळांशी चिकट मातीचा गच्च गोळा असतो, कधी नुसतं कोकोपीट. प्रवासात ओल टिकावी म्हणून ते ठीकच, पण ऑफिसातल्या कोपऱ्यात तीच ओल आठवडेच्या आठवडे हटत नाही. ताई झीझी आली की तिला काही दिवस सावलीत रुळू देतात आणि मग कुंडी बदलतात. लाल माती थोडी, जाडसर वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट, भाताच्या तुसाचा कोळसा मिळाला तर तो, गांडूळखत बेताचं आणि मूठभर निंबोळी पेंड. पाणी ओतलं की ते वर तळं करून न थांबता सर्रकन खाली गेलं पाहिजे, एवढी एकच कसोटी. कुंडी मोठी घ्यायचा मोह त्या टाळतात. मुळं थोडी आणि माती जास्त असली की त्या रिकाम्या मातीतलं पाणी पिणारं कुणी नसतं. झीझी स्वतःच सांगते तिला जागा कधी हवी ते: कंद इतके फुगतात की मऊ प्लॅस्टिकची गोल कुंडी लांबट होते, बाजूला फुगवटा येतो. तोवर थांबायचं.

सडलेली कुंडी वाचवता येते का? बऱ्याचदा येते. ताई झाड पूर्ण उपसतात, माती झटकतात आणि कंद बोटांनी चाचपतात. घट्ट, फिकट रंगाचा तो चांगला. तपकिरी, मऊ, दाबल्यावर पाणी सोडणारा तो गेलेला. गेलेला भाग स्वच्छ चाकूने निरोगी गर दिसेपर्यंत कापायचा. कापलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत उघडी सुकू द्यायची आणि मग कोरड्या मिश्रणात लावायचं. लगेच पाणी द्यायचं नाही. नव्याने कामाला आलेल्या मुलांना हे फार जड जातं. रोप लावलं की पाणी घालायचं, हे त्यांच्या हातात बसलेलं असतं.

काळ्या प्रकाराची आपली अशी एक नवलाई आहे. त्याचा नवा कोंब काळा नसतो. पोपटी हिरवा, तोही इतका उजळ की मागच्या काळ्या पानांसमोर दुसऱ्याच झाडाचा वाटावा. तो सुईसारखा सरळ वर येतो, पर्णिका एकमेकींवर घट्ट मिटलेल्या. मग खालून वर एकेक जोडी सुटते. काही दिवस सगळं पान पोपटी राहतं, नंतर कडांवर तांबूस छटा येते, ती आत पसरते, हिरव्यावर जांभळट सावली चढते आणि काही आठवड्यांत पान गर्द काळसर होतं. त्या मधल्या टप्प्यात ऑफिसातून पुन्हा फोन येतात. झाडाला रोग झाला का, रंग का उडाला. ताई फोनवरच समजावतात आणि शक्य असेल तर दोन टप्प्यांतली पानं शेजारी दिसतील अशी कुंडी फिरवून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो बदल बघावा, अशी त्यांची इच्छा असते.

मात्र हा काळा रंगच त्या झाडाला गैरसोयीच्या जागी नेऊन बसवतो. अंतर्गत सजावट करणाऱ्यांना पांढऱ्या भिंतीसमोर काळी पानं हवी असतात आणि ती भिंत नेमकी खिडकी नसलेल्या बोळात असते. कमी उजेडात टिकतं म्हणून विकलेलं झाड तिथं टिकतं हे खरं, पण वाढत नाही. नवा दांडा आलाच तर तो उजेडाच्या दिशेने लांब, वाकडा जातो, पर्णिकांमध्ये अंतर पडतं. शिवाय उजेड कमी तितकं झाडाचं पाणी पिणंही कमी, म्हणजे सडण्याचा धोका वाढला. ताईंनी यावर जोडी पद्धत काढली आहे. बोळातल्या प्रत्येक कुंडीला खिडकीजवळ एक जोडीदार असतो आणि महिन्या-दीड महिन्याने दोघांची अदलाबदल होते. पश्चिमेच्या काचेशी मात्र त्या काळी झीझी कधीच ठेवत नाहीत. दुपारच्या थेट उन्हाने पानांवर भाजल्यासारखे कोरडे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

गडद पानावर धूळ लगेच दिसते. पुण्यात बांधकामं सुरू नाहीत असा रस्ता सापडणं कठीण, त्यामुळे काचा बंद असल्या तरी बारीक पांढरी धूळ आत येतेच. ताईंची पुसण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. मलमलचा जुना तुकडा साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा. डावा तळवा पर्णिकेखाली धरायचा, म्हणजे देठावर ताण येत नाही, आणि उजव्या हाताने देठाकडून टोकाकडे एकदाच फडकं फिरवायचं. मग पर्णिकेची खालची बाजू. खालची बाजू सोडायची नाही, कारण पिठ्या ढेकूण तिथं, देठाच्या बेचक्यात बसतो. कापसाच्या बारक्या पुंजक्यासारखा दिसतो आणि एका कुंडीवरून सगळ्या मजल्यावर पसरू शकतो. चमक यावी म्हणून खोबरेल तेल, दूध, बाजारातला चकाकीचा फवारा यांतलं काहीही लावायचं नाही. तेलावर धूळ अधिकच चिकटते. धूळ पुसल्यावर मेणाचा थर असलेलं हे पान मुळातच चमकतं.

या झाडाबद्दल ताईंना सतत खोडून काढाव्या लागणाऱ्या समजुती तीन. पहिली, ते हवा शुद्ध करतं. झाडं आणि घरातली हवा यांवर अमेरिकेच्या नासाचा जो अहवाल सगळीकडे सांगितला जातो तो १९८९चा. ते प्रयोग बंद पेटीत झाले होते आणि त्यांत झीझी नव्हतीच. २०१९मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. इमारतीत एरवीही जी हवा खेळती राहते, तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. दुसरी समजूत, ते रात्री प्राणवायू सोडतं. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेऊ शकतं, हे वर आलंच. पण प्राणवायू बाहेर पडतो तो प्रकाशात. अंधारात झीझीही आपल्यासारखीच श्वास घेते. कंपनीच्या माहितीपत्रकात हे दोन्ही दावे छापले जाणार होते, तेव्हा ताईंनी मालकांशी वाद घातला. झाड समोर असलं की माणसाला बरं वाटतं, तेवढं कारण पुरे आहे, खोटं कशाला जोडायचं, असं त्यांचं म्हणणं. दावे गाळले गेले.

तिसरी समजूत उलट टोकाची: झीझी इतकी विषारी आहे की नुसत्या स्पर्शाने कॅन्सर होतो. याला काहीही आधार नाही. खरं काय ते अळू चिरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. या कुळातल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून अळूला खाज असते आणि म्हणून फतफत्यात चिंच किंवा आंबट चुका पडतो. झीझी खायची वस्तू नाही. चावली तर तोंड, जीभ, घसा चुरचुरतो आणि सुजतो. रसाने काहींच्या हातालाही खाज सुटते. त्यामुळे कापाकापी करताना हातमोजे घालायचे, नंतर हात साबणाने धुवायचे आणि रांगणारं मूल किंवा पानं चावणारं मांजर असेल त्या घरात कुंडी उंचावर ठेवायची. एवढी खबरदारी पुरते.

सफाईचं काम करणाऱ्या मावशींशी ताईंचं विशेष जमतं. साहेब लोक कुंडीपाशी थांबतात ते फोन लावायला. मावशी रोज त्या भागातून हात फिरवतात, त्यांना नवा कोंब सगळ्यांच्या आधी दिसतो. बाटल्यांतलं उरलेलं पाणी फेकून देणं त्यांना बरं वाटत नाही, आणि पाण्यासाठी रांगा लावलेल्या बाईला ते वाटणारही नाही. ताईंनी बंदी घातली नाही. त्यांनी मजल्यावरच्या दोन मोठ्या पीस लिली दाखवल्या आणि सांगितलं, "मावशी, उरलेलं सगळं पाणी यांना. काळीला फक्त बघायचं. काही वेगळं दिसलं तर मला फोन करायचा." पिवळ्या पानांचे फोन त्या मजल्यावरून कमी झाले. कोंब आल्याचे फोन वाढले.

अशाच एका मावशींना घरी लावायला रोप हवं होतं. नर्सरीत काळ्या झीझीचा भाव साध्या हिरवीपेक्षा बराच जास्त असतो, आणि त्याचं कारणही तिची मंद वाढ हेच आहे. विकण्याजोगं रोप तयार व्हायला जागा आणि काळ दोन्ही फार लागतात. ताईंनी त्यांना दुसरा मार्ग दाखवला. गळलेली पण निरोगी पर्णिका घ्यायची, तुटलेलं टोक दिवसभर सुकू द्यायचं, वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात ते बोटाच्या पेराएवढं खोचायचं आणि ट्रे उजेडात पण उन्हाबाहेर ठेवायचा. महिन्या-दोन महिन्यांत मुळं फुटतात. मग त्या टोकाशी वाटाण्याएवढा कंद धरतो. वरून काहीच दिसत नाही. पर्णिका जशीच्या तशी उभी असते, आणि उकरून बघायची इच्छा दर आठवड्याला होते. मातीवर पहिला कोंब दिसायला सहा महिने, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. कंद विभागून लावले तर रोप लवकर तयार होतं, पण त्यासाठी मोठं झाड हाती असावं लागतं.

आता ताईंच्या गोदामात खिडकीखाली असे ट्रे ओळीने आहेत. कुंड्या बदलताना गळलेल्या पर्णिका आता कचऱ्यात जात नाहीत, आणि प्रत्येक ट्रेवर कुठल्या ऑफिसातल्या झाडाची पर्णिका, कधी लावली, ते खडूने लिहिलेलं आहे. मालकांनी सुरुवातीला विचारलं होतं की इतका काळ ही जागा अडवून मिळणार काय. ताईंनी त्यांच्यासमोर नवीन रोपांच्या खरेदीची बिलं ठेवली आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. पहिल्या ट्रेमध्ये काही ठिकाणी पोपटी टोकं वर आली आहेत. त्यातली दोन रोपं मावशींसाठी बाजूला काढायची आहेत. उरलेली लहान कुंड्यांत जातील, आणि त्यासाठी लागणारं मिश्रण या आठवड्यात चाळून ठेवायचं आहे.